अंथरूण पाहून पाय पसरा, म्हणे!

गरिबाला काटकसर शिकवायला माणसं कधी कमी पडत नाहीत. ती फुकट मिळतात, वर चहा-बिस्किटं घेऊन येतात. आमच्या भागातल्या समाजमंदिरात मध्यंतरी आर्थिक साक्षरतेचं शिबिर झालं. कडक इस्त्रीच्या शर्टातले एक साहेब तासभर बोलले. रोजचा खर्च वहीत लिहा, गरज कुठली आणि हौस कुठली ते ओळखा, कर्ज काढण्याआधी दहादा विचार करा, अंथरूण पाहून पाय पसरा. पुढच्या रांगेतल्या बायका माना डोलवत होत्या. शिबिराला आलं नाही तर बचत गटाचं कर्ज अडेल, असं कुणीतरी त्यांना सांगून ठेवलं होतं.

साहेब, आमच्या घरातलं अंथरूण पाय पसरायला मोकळं नाही. त्यावर माझा नवरा असतो, चोवीस तास. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत ते ठेकेदाराकडे मोल्डर होते. अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली, वाचाही गेली. ठेकेदाराकडे म्हणजे फंड नाही, ईएसआय नाही. हजेरी बंद की पगार बंद. मी गांधीनगरात एका कापडाच्या दुकानात हिशेब लिहायला होते. तेव्हा वही लिहायला मला कुणी शिकवू नये. लोकांच्या लाखांच्या वह्या लिहिल्यात मी. ती नोकरी सुटली, कारण दर दोन तासांनी कुशीवर वळवलं नाही तर अंथरुणावरच्या माणसाच्या पाठीला जखमा होतात, आणि दर दोन तासांनी गांधीनगरातून घरी जाऊ देणारा शेठ अजून जन्माला यायचाय.

वहीच बघायची तर बघू या.

जमेच्या बाजूला ह्यांना संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून दिव्यांग म्हणून मिळणारे २५०० रुपये. ऑक्टोबर २०२५ च्या आधी हे १५००च होते. मला ‘लाडकी बहीण’चे १५००. साड्यांना फॉल-पिको करून तीनेक हजार, तेही लग्नसराई असेल तर. आषाढात निम्मेही नाहीत. रेशनचं धान्य फुकट मिळतं, ते नाकारत नाही.

आता नावे बाजू. मोठ्या माणसाचा डायपर पस्तीसच्या घरात पडतो. दिवसाला तीन लागतात, मी दोनांत भागवते. साहेब ह्याला काटकसर म्हणतील, डॉक्टर इन्फेक्शन म्हणतात. दोनाच्या हिशेबानेच महिन्याचे एकवीसशे झाले. सरकारची पेन्शन डायपरमध्ये जाते, आणि हे मी अलंकारिक बोलत नाही. ह्या डायपरवर २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत १२ टक्के जीएसटी होता, आता ५ आहे. एका हाताने अनुदान द्यायचं आणि दुसऱ्या हाताने त्यातून कर कापून घ्यायचा, ही सोय आमच्या वहीत नाही. रक्तदाबाच्या आणि फिटच्या गोळ्या, महिन्याला बदलायचा कॅथेटर, युरोबॅग. एअर बेडचा पंप रात्रंदिवस चालतो, त्याचं लाईट बिल. फिजिओथेरपीवाला घरी यायचा, त्याला बंद केलं; व्यायाम मीच देते, मोबाइलवर बघून. गॅस, किराणा, दूध अर्धा लिटर, मुलीचा कॉलेजचा बसपास. हौसेच्या रकान्यात काय लिहू, असं मी त्या साहेबांना शिबिरात विचारणार होते. पण त्यांना पुढच्या शिबिराची घाई होती.

खर्च बारा हजारांच्या खाली उतरत नाही आणि जमा सातच्या वर चढत नाही. ही तूट कुठून भरायची? जास्त कमवा, म्हणाल. तिथेच तर खरी गंमत आहे. दिव्यांगाला ही पेन्शन हवी असेल तर कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ५० हजारांच्या आत पाहिजे. महिन्याला ४१६६ रुपये. मी पिकोचा आणखी एक गठ्ठा दर आठवड्याला उचलला, रात्री जागून शिवला, की मी सरकारच्या नजरेत सुखवस्तू. पेन्शन बंद. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, हे शाळेत पाठ केलं होतं. त्याची नियमावली छापलेली असते हे तहसील कचेरीच्या जिन्यावर कळलं.

शेजारच्या विधवा मावशींची गत आणखी न्यारी. त्यांच्या प्रवर्गाला उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१ हजार. दिवसाला ५७ रुपये. ज्या बाईचं घर खरोखरच दिवसाला ५७ रुपयांत चालतं, ती दाखला काढायला कचेरीपर्यंत चालत तरी येईल का? हे तलाठ्याला ठाऊक आहे, कारकुनाला ठाऊक आहे, अर्ज मंजूर करणाऱ्या समितीला ठाऊक आहे. तरी सगळे मिळून त्या कागदावर शिक्का मारतात. आधी गरिबाला खोटं लिहायला लावायचं आणि मग दर दोन-चार वर्षांनी ‘बोगस लाभार्थी’ शोधायची मोहीम काढायची! त्याच सरकारची ‘लाडकी बहीण’ जुलै २०२४ पासून सुरू झाली, तिला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. म्हणजे लाडकी असाल तर अडीच लाखांपर्यंत गरीब, निराधार असाल तर २१ हजारांपर्यंतच. निराधार बाईच्या बारापट कमावूनही लाडकी बाई गरीब असू शकते, हे गणित कुठल्या साक्षरता शिबिरात शिकवतात तेवढं सांगा.

तर कर्ज. ते असं आलं. पहिलं दवाखान्याचं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला पाच लाखांचं संरक्षण आहे, चांगलंच आहे; पण ती योजना दवाखान्याच्या दारात सोडून जाते. पुढची पंधरा-वीस वर्षं माणूस घरी पडून असेल तर त्याचं काय, ह्याचं त्यात पॅकेज नाही. मंगळसूत्राची वाटी सोडून बाकीचं सोनं एका पतसंस्थेत गेलं. मग भिशी, बोलीची. बोलीच्या भिशीत ज्याला गरज जास्त तो जास्त सोडतो. गरज बघून पैसा महाग करायची अक्कल बँकवाल्यांच्याही आधी आमच्या गल्लीला आली होती. मग गटाचं कर्ज, मायक्रोफायनान्सचं.

हे कर्ज मिळतं फार सन्मानाने. तुमच्या दारात येऊन, ताई-ताई म्हणत, तारण न मागता. फॉर्म कंपनीचा पोरगाच भरतो, टॅबवर. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, १ एप्रिल २०२२ पासून लागू, की घराच्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. आता माझं खरं उत्पन्न लिहिलं तर कर्ज बसत नाही. पोराने विचारलं, ‘ताई, शिलाईचं किती धरू?’ मी तोंड उघडायच्या आत त्याने आकडा टाकला आणि मी महिन्याला वीस हजारांची धनीण झाले. तहसीलदारांच्या कागदावर मी भुकेकंगाल, कंपनीच्या कागदावर मालदार. दोन्ही कागदांवर सही माझीच. भाकरी भाजणारी मी तिसरीच कुणीतरी, तिचा कागदच नाही.

सेंटर मीटिंग कधी बघितली नसेल तर एकदा बघा. एका अंगणात सकाळी बायका रांगेने खाली बसतात, कंपनीचा साहेब खुर्चीवर. वयाने तो आमच्या पोरांएवढा. नोटा मोजून पुढे सरकवायच्या, तो परत मोजतो, टॅबवर बोट फिरवतो. एकीचा हप्ता कमी पडला की कुणी उठायचं नाही. सगळ्या मिळून तिची भर घालायची नाहीतर बसून राहायचं. जिची पोरं शाळेला जायचीत ती आधी चुळबुळते, मग टोमणा मारते, मग बोलते. एकदा माझे तीनशे कमी होते. घरी ह्यांना वळवायची वेळ टळत होती आणि मी अंगणात, खाली मान घालून. कंपनीला वसुलीसाठी गुंड ठेवावे लागत नाहीत. आमच्याच मैत्रिणींना ती त्या कामाला लावते, बिनपगारी. वर व्याज वर्षाला बावीस-चोवीस टक्के. चारचाकीला नऊ टक्क्यांत कर्ज मिळतं, डायपरला चोवीस. व्याजाच्या दराला पूर्वी कमाल मर्यादा होती, ती २०२२ च्या ह्याच नियमांत निघून गेली. आणि कर्जातूनच विम्याचा हप्ता कापून घेतात. कागद नीट वाचला: नवरा मेला तर कर्ज माफ, पांगळा झाला तर नाही. घरातल्या माणसाने जिवंत राहायचं ठरवलं, तर तो कंपनीच्या दृष्टीने आमचा खासगी निर्णय.

एकदा तो पोरगा रात्री आठला दारात येऊन बसला. मी त्याला सांगितलं, मायक्रोफायनान्सच्या वसुलीला सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर यायचं नाही, आरबीआयचा नियम आहे. तो म्हणाला, ‘ताई, आरबीआय तिकडं दिल्लीत, मला टार्गेट हितं आहे.’ आरबीआय मुंबईत आहे, एवढं तरी त्याला सांगून टाकलं. त्याच्यावर राग काढण्यात अर्थ नाही. चंदगडकडून आलेला, बीए झालेला, मोटारसायकलचा हप्ता थकलेला पोरगा. २०१९ च्या महापुरानंतर ह्याच हप्त्यांविरुद्ध आमच्या जिल्ह्यातल्या बायका मोर्चे घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. पाणी ओसरलं, चिखल वाळला, हप्ते राहिले.

खासगी सावकार ह्यानंतर येतो. शेकडा दहा. महिन्याला. म्हणजे वर्षाला १२० टक्के. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवानाधारक सावकारालाही बिगरशेती विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर घेता येत नाही आणि विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. माझ्या गळ्यात हा धोंडा नाही, गल्लीत दोघी-तिघींच्या आहे. त्यांना मी एवढंच सांगते, आणि शिबिरातल्या साहेबांनी हे सांगायला हवं होतं: कोरा चेक देऊ नका, दिला असेल तर त्याचा नंबर लिहून ठेवा, दर वेळी पावती मागा, पावती देत नसेल तर तो बेकायदा आहे असं समजून जिल्हा उपनिबंधकांच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या. कंपनीचा जाच असेल तर आधी कंपनीकडे लेखी, मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. त्याला पैसे पडत नाहीत, चौकशीचा नंबर १४४४८. जुनं फेडायला दिलेलं ‘टॉप-अप’ घेऊ नका, ते फेडणं नव्हे. आणि पैसे अपुरे पडले तर आधी औषध, मग लाईट बिल, मग किराणा, सगळ्यात शेवटी हप्ता. मला उलटं शिकवलं गेलं होतं: हप्ता आधी, इज्जत आधी. इज्जतीने जखमा भरत नाहीत.

एवढं सगळं करूनही वही जुळत नाही. जुळणारच नाही, कारण तिच्यात एक रक्कम कुणी लिहीतच नाही. माझी मजुरी. दिवसपाळीला बाई ठेवायची म्हटलं तर कोल्हापुरात तिचे दिवसाचे पैसे ऐकूनच मी गप्प बसले; महिन्याचे माझ्या जमेच्या दुपटीच्या वर जातात. ते काम मी करते, दिवसपाळी आणि रातपाळी दोन्ही, आणि सरकारदरबारी मी ‘गृहिणी, उत्पन्न निरंक’. केंद्राच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात हे मोजलं आहे: १५ ते ५९ वयाच्या बायकांपैकी ४१ टक्के घरातल्या माणसांची देखभाल करतात आणि त्यावर दिवसाला सरासरी १४० मिनिटं घालवतात, पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के, मिनिटं ७४. मोजलं खरं. मोजून फायलीत ठेवलं. माझं कर्ज ही माझी उधळपट्टी नाही. सरकारने माझ्याकडून जी मजुरी उसनी घेऊन बुडवली, तिची ही थकबाकी आहे, आणि तिच्यावरचं व्याज मी भरते आहे.

देखभालीला पैसा द्यायचाच नाही असं सरकारचं तत्त्व असतं तर एक वेळ समजून घेतलं असतं. तसं तत्त्व नाही. आयकराच्या जुन्या प्रणालीत ८०डीडी म्हणून ओळखली जाणारी सवलत आहे. घरात अवलंबून असलेला दिव्यांग असेल तर त्याला सांभाळणाऱ्याला ७५ हजारांची वजावट, दिव्यांगत्व ८० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर सव्वा लाखाची. खर्च किती झाला हे न बघता ठरावीक. सव्वा लाखाच्या वजावटीवर तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचा सेस धरून वर्षाला ३९ हजार रुपये कर वाचतो. माझ्या नवऱ्याला वर्षाला मिळतात ३० हजार. म्हणजे दहा लाखांच्या वर कमावणाऱ्याच्या अंथरुणावरचा माणूस सरकारला माझ्या घरातल्या माणसापेक्षा नऊ हजारांनी प्रिय आहे. त्याला उत्पन्नाचा दाखला मागायला जिना चढावा लागत नाही, दरवर्षी हयात असल्याचं सिद्ध करावं लागत नाही, आणि जास्त कमावलं म्हणून कुणी ती काढून घेत नाही. उलट कराचा टप्पा जेवढा वरचा तेवढी सवलत मोठी. केंद्र सरकारचाही काळजीवाहू भत्ता आहे. तो फक्त ज्याला कर भरता येतो त्याला आहे.

आता कायद्याचं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. त्याच्या २४ व्या कलमात सरकारने काय काय योजना कराव्यात त्याची यादी आहे आणि तीत स्पष्ट लिहिलंय: जास्त आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांना काळजीवाहू भत्ता. त्याच कलमात असंही आहे की इतरांना ज्या योजनेत जेवढं मिळतं त्यापेक्षा दिव्यांगांना किमान २५ टक्के जास्त मिळालं पाहिजे. जुलै २०२३ पासून विधवांना १५०० आणि दिव्यांगांनाही १५०० चालू राहिले. पंचवीस टक्के जास्त म्हणजे १८७५ होतात, हे चौथीच्या पोराला येतं. ते जुळवायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. केंद्राचा वाटा तर विचारूच नका: इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग पेन्शनचे ३०० रुपये २०१२ पासून जिथल्या तिथे आहेत. त्या कलमात सरकारने स्वतःसाठी एक पळवाटही ठेवली आहे, हे सगळं ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ करायचं. ही ओळ मला फार आवडली. सेंटरच्या साहेबाला म्हणून बघावी म्हणते: हप्ता देते, पण आर्थिक कुवतीच्या मर्यादेत.

आणि महाराष्ट्राला हौस केवढी! दिव्यांगांसाठी स्वतंत्र मंत्रालयीन विभाग काढला, ३ डिसेंबर २०२२ ला. २६ जूनला राजर्षी शाहूंची जयंती सामाजिक न्याय दिन म्हणून होते, दसरा चौकात पुतळ्याला हार पडतात, भाषणांत ‘शाहूंची नगरी’ दहा वेळा येतं. ५ नोव्हेंबर २०२४ ला ह्याच कोल्हापुरात महायुतीची प्रचारसभा झाली आणि दहा वचनं जाहीर झाली. त्यात लाडक्या बहिणींना २१००, वृद्धांच्या पेन्शनलाही २१००. हे लिहितेपर्यंत माझ्या खात्यावर १५००च येतात, वृद्धांच्याही. आमच्या मताला जो जागच्या जागी रोख भाव येतो, तो आमच्या कामाला कधी येईल?

पैसा नाही म्हणतात. केरळ सरकारने ‘आश्वासकिरणम्’ म्हणून अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करणाऱ्यांना महिन्याला ६०० रुपयांची योजना केली आहे. रक्कम हसण्याजोगी आहे, पण तिथल्या कागदावर ‘सेवा करणारी’ नावाचा रकाना तरी आहे. ब्रिटनमध्ये आठवड्याला किमान ३५ तास सेवा करणाऱ्याला सरकार भत्ता देतं. तिथेही पूर्ण आबादीआबाद नाही. कमाईची मर्यादा थोडी ओलांडली म्हणून वर्षानुवर्षांचा भत्ता परत मागून लोकांना कर्जात लोटल्याची प्रकरणं तिथे गाजली. म्हणजे रकाना मिळाला तरी डोळ्यांत तेल घालून बसावं लागणार. बसू. आम्हाला रात्री जागायची सवय आहे.

मला सहानुभूती नको. गल्लीत ती भरपूर आहे. आषाढात तांबडा-पांढरा रस्सा डब्यातून घरी येतो, कुणी ना कुणी दहा मिनिटं ह्यांच्याजवळ बसतं, तेवढ्यात मी बाजार करून येते. मला माझं काम उत्पन्नाच्या दाखल्यावर काम म्हणून लिहिलेलं हवं आहे. पेन्शनच्या घरातल्या सेवा करणाऱ्या माणसाची कमाई त्या ५० हजारांत धरू नका. आणि पुढच्या वेळी शिबिर घ्याल तेव्हा ते मंत्रालयात घ्या, तिथल्या लोकांना येणी आणि देणी यांतला फरक समजावून सांगा.

वाचणाऱ्याला एकच विनंती. कोल्हापूर जिल्ह्यातून विधानसभेत दहा आमदार जातात. त्यांतला तुमचा जो असेल तो जयंतीला, लग्नाला, बारशाला भेटतोच. त्याला विचारा, २४ व्या कलमातला काळजीवाहू भत्ता महाराष्ट्रात कुणाच्या खात्यावर जमा होतो? माझ्या तरी नाही. कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे.